चंदर कोळ्याची मेणाची वडी

१

सोमवारी सकाळी डॉक्टर मृणालिनी सबनीसांनी लॅबमधला खण ओढला, तेव्हा चंदर कोळ्याची वडी तिथे नव्हती.

खण लुटलेला नव्हता. कुणाचं अपेंडिक्स, कुणाच्या मानेतली गाठ, कुणाचं गर्भाशय, सगळ्यांच्या वड्या शहाण्यासारख्या रांगेत बसल्या होत्या. मधली एकच जागा बोडकी होती. बाईंनी ट्रे पाहिला. त्याच वडीवरून काढलेल्या काचाही गेल्या होत्या. बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या नाहीत. बोरिवलीच्या त्या धर्मादाय इस्पितळात इतकी वर्षं काढल्यावर ओरडायची ताकद उरत नाही. पाय तेवढे सुजतात.

ही वडी मेणाची. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा. मग अल्कोहोलमध्ये बुडवून त्यातलं पाणी हाकलायचं, झायलॉलमध्ये बुडवून ते अल्कोहोल हाकलायचं आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसवायचा. निवलं की वडी तयार. ती यंत्रावर धरून कांद्याच्या सालीहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे आणि मायक्रोस्कोपखाली धरायचे. रोग्याच्या उशाशी कुणी काहीही बडबडो, निकाल लागतो तो तिथे.

चंदर गोराईचा. चाळिशीतला, होडीच्या वल्ह्यासारखा ताठ माणूस. होळीपासून त्याच्या लघवीतून रक्त जात होतं. इस्पितळाचे मुख्य आणि एकुलते एक सर्जन डॉक्टर नंदकुमार वेलणकर यांनी पोट उघडून मूत्राशयात पाहिलं, तर आत लालभडक, स्पंजासारखा गोळा. हात लावताच रक्ताचा पूर. चिमूटभर तुकडा कसाबसा घेतला आणि पोट मिटलं.

शनिवारी त्या तुकड्याची काच बाईंनी पाहिली होती. रक्तानं भरलेल्या फटीच फटी, आणि फटींच्या काठाला काळ्याभोर, वेड्यावाकड्या पेशी. रक्तवाहिनीचं अस्तरच माजावं तसं. बाईंच्या मनात नाव आलं अँजिओसार्कोमा. रक्तवाहिनीच्या अस्तराचा कर्करोग, आणि तोही मूत्राशयात! जगभरच्या वैद्यकीय मासिकांत सापडलेले असे रोगी गोळा केले, तर एका बाकावर बसतील.

पण काप फाटके निघाले होते. त्या फटी रोगाच्या की फाटक्या कापाच्या? बाईंनी शनिवारीच वेलणकरांना सांगितलं होतं, "मला दाट शंका आहे. पण सोमवारी मी स्वतः त्या वडीचे खोलवरचे काप घेणार, त्यांना चांदीचा रंग देणार. मग ठाम बोलेन."

ठाम बोलणं गरजेचं होतं. कर्करोग असला तर अख्खं मूत्राशय काढायचं, तेही लगेच. नसला, तर धडधाकट माणसाचं मूत्राशय कापून टाकण्याचं पाप. आणि दुसरा तुकडा घ्यायला जावं, तर चंदर टेबलावरच रक्त जाऊन मेला असता. जे काही होतं ते त्या वडीत होतं.

दारात गुणाजी वॉर्डबॉय उभा होता. लॅबची किल्ली त्याच्याच खोलीत खिळ्याला टांगलेली असायची. कुणीही घ्यावी, कुणीही उघडावं.

"गुणाजी, रविवारी इथे कोण आलं होतं?"

गुणाजीनं मान खाजवली. "बाईनू, सांगू नको म्हटलंय मी मलाच. पण कोळीण इलली. चंदरची घरवाली. हयच, दारात उभी. पदराखाली गाठोडा. मी हाक मारलंय, तशी पळत सुटली!"

२

"मग आणखी काय पाहिजे तुम्हाला?" वेलणकर म्हणाले. "चोर सापडला की."

वेलणकरांच्या खोलीत पंखा होता. अख्ख्या इस्पितळात रोग्यांच्या डोक्यावर पंखा नव्हता, पण ते असो. भिंतीवर दारूबंदी प्रचार समितीचं मानपत्र होतं, काचेत मढवलेलं. वेलणकर त्या समितीचे अध्यक्ष. अंगात खादीचा झब्बा, कडक इस्त्रीचा. दर रविवारी ते कोळीवाड्यांत जाऊन दारूनं लिव्हर कसं सडतं यावर भाषण देत. भाषण चांगलं असे. उच्चार स्वच्छ, दाखले पटणारे.

"तिनं वडी कशाला नेली असेल?" बाईंनी विचारलं.

"अहो, अडाणी बाई. नवऱ्याचं मांस मेणात घालून ठेवलंय म्हटल्यावर काय वाटलं असेल तिला? करणी, भुताटकी. परवा माझ्यापाशी आली होती, काहीतरी गलिच्छ पुरचुंडी घेऊन. हाकललं मी." त्यांनी टेबलावरच्या थर्मासमधून पेल्यात लिंबाचं सरबत ओतलं आणि प्याले. बाईंसाठी चहा मागवला. वेलणकर आतिथ्याला चुकत नसत. आल्यागेल्याला चहा ठरलेला. ते सरबत मात्र कुणाला मिळाल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

"चंदरचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? जन्मजात रक्तवाहिन्यांचा गुंता आहे तो. साधी गाठ. रक्त थांबलंय तूर्त. बुधवारी घरी सोडतो."

"आणि कर्करोग असला तर?"

"मृणालिनीबाई, तुमच्या विद्वत्तेबद्दल मला आदर आहे." असं म्हणणाऱ्या माणसाला तो कधीच नसतो. "पण तसल्या मऊ पडलेल्या वडीच्या भरवशावर मी माणसाचं मूत्राशय काढू? आणि आता तर तीही नाही. पुरावा आणा, काढतो. नाहीतर बुधवारी खाट रिकामी."

"पोलिसांना कळवायचं का?"

"मेणाच्या तुकड्यासाठी? इस्पितळाची शोभा करायची आहे का? तुम्हीच करा चौकशी. तुम्हाला हौस आहे."

बाईंना हौस नव्हती. त्यांना घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडायचे होते. चहा तसाच ठेवून त्या उठल्या. घरी सोडलेला चंदर होडीवर जाणार, एखाद्या दिवशी मूत्राशयातून भळभळा रक्त सुटणार आणि खाडी ओलांडून इकडे येईपर्यंत तो संपणार, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसत होतं, की त्यासाठी मायक्रोस्कोप लागत नव्हता.

बुधवार परवावर आला होता.

३

लॅबमध्ये तंत्रज्ञ जयवंत काम करत होता. तिशीचा, अबोल, बोटांना कायम फॉर्मलिनचा वास. चंदरची वडी त्यानंच घातली होती, कापही त्यानंच काढले होते. आज कुणाच्या तरी स्तनातली गाठ होती. त्यानं तुकडा अल्कोहोलमधून काढला आणि झायलॉलच्या बाटलीत सोडला.

बाई बघत होत्या. काचेसारखं स्वच्छ झायलॉल तुकड्याभोवती धुरकट झालं. मग पांढरं. पाण्यात दूध सांडावं तसं.

"थांब," बाई म्हणाल्या. "हात लावू नकोस."

झायलॉल आणि पाण्याचं जमत नाही. तुकड्यात पाण्याचा अंश उरला, की झायलॉल दुधाळ होतं. आणि तुकड्यात पाणी उरतं, ते अल्कोहोलमध्येच पाणी असेल तर.

"असं किती दिवस होतंय?"

"पावसाळ्यापासून, बाई. कधी होतं, कधी नाही होत. मला वाटलं हवेमुळं."

"चंदरच्या वडीला झालं होतं?"

"झालं होतं." त्याचा आवाज खोल गेला. "वरून मेण कडक, पण मधला तुकडा नखानं दाबला तर आत जात होता. मऊ. कापायला घेतला तर भुगा. म्हणून फाटले काप. मला वाटलं माझाच हात चुकला. तुम्ही बोलाल म्हणून गप्प बसलो."

"कुणाला सांगितलंस हे?"

"आईशपथ, कुणालाच नाही. आता तुम्हालाच."

बाईंनी अल्कोहोलची बाटली नाकाशी धरली. वासावरून काही कळत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. दारूबंदी आल्यापासून इस्पितळात शुद्ध अल्कोहोल म्हणजे सोनं. परवान्याचा मोठा कॅन वेलणकरांच्या खोलीत, कुलपात. दर आठवड्याला ते स्वतः बाटली भरून देत. एवढी शिस्त, की त्यांनी ती समितीच्या भाषणातही सांगितली होती.

"तू पितोस, जयवंत?"

तो हसला. कडवट. "अख्खं बोरिवली सांगेल तुम्हाला. शनिवारी खाडीवरच्या तरीनं गोराईला जातो, तिथल्या वाडीत पाजतात. काजूची, जांभळाची. फक्कड! ते सोडून मी हे घाण औषध कशाला तोंडाला लावू? हे पिऊन आंधळा होईन, अशी भीती वाटते मला तर."

त्याच दुपारी वेलणकर दोन शिपाई घेऊन लॅबमध्ये आले. बाई बाटल्या हुंगत होत्या, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. जयवंतची पत्र्याची पेटी उघडली. डबा, टॉवेल, आणि टॉवेलात गुंडाळलेली गावठीची बाटली, अर्धी.

"बघा!" वेलणकर दुःखी चेहऱ्यानं म्हणाले. "अल्कोहोल हाच ढोसायचा आणि पाणी घालून ठेवायचा. वडी बघून तुम्हाला संशय येईल म्हणून तीही यानंच लंपास केली. मी उगाच त्या कोळणीला बोललो. जयवंत, तू निलंबित. या आठवड्यात दारूबंदीच्या अधिकाऱ्यांकडे देतो तुला."

जयवंतनं एकदा बाईंकडे पाहिलं. गरीब माणसाला ओरडूनही काही फरक पडत नाही, हे त्याला कळण्याइतकं त्याचं वय झालं होतं. टॉवेल खांद्यावर टाकून तो निघून गेला.

सगळं जुळलं होतं. सकाळी चोर कोळीण होती, दुपारी जयवंत. दोन्ही वेळा बोट एकाच माणसाचं.

बाईंच्या डोक्यात काहीतरी टोचत होतं. आज सकाळी कुणीतरी काहीतरी असं बोललं होतं, की जे त्या माणसाला माहीत असायला नको होतं. काय ते आठवेना. थकलेलं डोकं. त्या वॉर्डाकडे वळल्या. कोळणीला विचारायचं राहिलं होतं.

४

चंदर खाटेवर उशाला टेकून बसला होता. चेहरा कागदासारखा. पायथ्याशी जमिनीवर मालन, त्याची बायको, नऊवारी घट्ट कासलेली, केसांत अबोलीचा सुकलेला गजरा. बाईंना बघताच तिनं पदर गच्च धरला.

"मालनबाई, काल लॅबपाशी आला होतात ना?"

"मी काय नाय चोरला!"

"चोरलंत असं मी म्हटलं नाही."

"त्यो गुणाजी बोलतंय! सगला वॉर्ड बगतंय माज्याकडं!" तिचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "मेल्याची जीभ झडो!"

"हलू बोल गो," चंदर म्हणाला. "बाय इचारते, ते सांग. ही बाय भली हाय. हीच आपल्याशी माणसासारखी बोलते."

मालनचं अवसान गळालं. "काय सांगू? नेयाला नव्हते आयले. द्यायला आयले होते."

"काय द्यायला?"

तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पदराखालचं गाठोडं सोडलं. वास आला सुक्या मासळीचा. आत चिनी मातीची छोटी बरणी, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं सोडलं. आत जाडं, करडं मीठ. बोटानं मीठ बाजूला सारलं, तशी चिंचोक्याएवढी काळपट लाल गोष्ट दिसली.

बाई वाकल्या. कितीतरी वेळ वाकलेल्याच राहिल्या.

"हे काय?"

"याच्या लघवीतून पडला," मालन म्हणाली. "नवरात्राच्या आधी. गोराईचा दाक्तर बोल्ला, असा काय पडला तर टाकू नको, बोरिवलीला दाखव. पन तवा वारा सुटलेला, तरी बंद. घरान ठेवला असता तर कुजला असता. म्हनून मिठान घातला."

"मिठात."

"मग कशान घालू?" मालनला तो प्रश्नच कळला नाही. "आमच्यान जे टिकवायचा ते मिठान जाते. बोंबील, बांगडा, सगला. हा पन मांसच ना?"

"वेलणकर डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवला की! नाक धरला त्यानं. बोल्ला, ही घाण बाहेर फेक. मी नाय फेकला. नवऱ्याचा मांस हाय. काल तुमाला द्यायला आयले, तर तुमी नव्हत्या, आनि त्यो गुणाजी केकाटला. मी घाबरले."

बाईंनी बरणी हातात घेतली. मिठानं पेशींची वाट लागली असणार. पाणी शोषून आक्रसलेल्या, चुरमडलेल्या. कुठल्याही परीक्षकानं असा नमुना खिडकीतून भिरकावला असता. पण बाईंना पेशींपेक्षा दुसरंच काही हवं होतं. पेशींभोवती जे बारीक तंतूंचं जाळं असतं, ते चिवट. मिठाला दाद देत नाही. आणि चांदीचा रंग नेमका त्या तंतूंनाच चढतो.

"बाय," चंदर हळूच म्हणाला, "खरा सांग. मी मरतो काय?"

"अजून माहीत नाही, चंदर."

"दाक्तर बोलतो, परवा घरी जा."

"घरी जायचं नाही," बाई म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत खाट सोडायची नाही. ओढून काढलं तरी सोडायची नाही. कळलं?"

"मालन हाय ना," चंदर म्हणाला. "तिला कोन ओढतो!"

जिन्यावरून उतरताना बाई मधेच थांबल्या. कठडा धरून. सकाळपासून टोचत होतं ते आता सापडलं होतं.

५

अल्कोहोलवर भरवसा नव्हता, म्हणून बाईंनी अल्कोहोलची वाटच सोडली. तुकडा पाण्यात धुऊन मीठ काढलं, फॉर्मलिनमध्ये मुरवला. मेण नको, झायलॉल नको. बर्फात गोठवून कापायचा. गोठवायचं जुनं यंत्र अडगळीत पडलेलं. त्याला गॅस लागतो. मंगळवारी स्टेशनाजवळच्या सोडावॉटरच्या कारखान्यातून गुणाजीनं गॅसचं नळकांडं हातगाडीवर घालून आणलं. कोळणीवर उगाच आळ घेतला म्हणून तो स्वतःवरच चिडला होता. "माका चार शिव्या दी गो बाय," असं त्यानं वॉर्डात जाऊन मालनला सांगितलं. तिनं दिल्याही, चारांवर न थांबता.

बुधवारी सकाळी बाईंनी जयवंतला घरून बोलावून घेतलं. इस्पितळाच्या फाटकाबाहेर, पिंपळाच्या पारावर बसायला सांगितलं. "आत पाऊल टाकायचं नाही. काही झालं तरी."

मग त्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसल्या.

युक्ती साधी आहे. काप फाटून झालेली फट ही नुसती फट; तिला काठ नसतो. रक्तवाहिनी असली तर तिला तंतूंची कड असते, आणि चांदीच्या रंगात ती कड काळी होते, पेन्सिलीनं रेघ ओढावी तशी. बाईंना दिसल्या त्या कडाच कडा. एकात एक गुंतलेल्या काळ्या नळ्या. आणि आक्रसलेल्या, मिठानं मारलेल्या त्या वाईट पेशी कुठे होत्या? कडेच्या आत. नळ्यांच्या पोटात, एकमेकींवर चढून, गर्दी करून. म्हणजे वाहिनीचं अस्तरच उलटलं होतं. शनिवारी पाहिलेल्या पेशी आणि आज दिसलेली जाळी, दोन्हींची गाठ बसली. मऊ वडीनं खोटं सांगितलं नव्हतं. तिनं अर्धंच सांगितलं होतं.

बाईंनी डोळे पुसले. आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं. चंदरला कर्करोग होता.

वेलणकर चंदरच्या सुटीच्या कागदावर सही करत होते, तेव्हा बाई आत शिरल्या. मागून गुणाजी, हातात रिकामी बाटली आणि झायलॉलचा पेला.

"लॅबला अल्कोहोल हवंय," बाई म्हणाल्या. "जयवंत नाही, म्हणून मीच आले."

"अलबत." वेलणकरांनी कुलूप उघडलं, कॅनमधून बाटली भरली. स्वतःच्या हातानं. बाईंनी ती घेतली आणि तिथेच, त्यांच्या टेबलावर, झायलॉलच्या पेल्यात ओतली.

पेला दुधासारखा पांढरा झाला.

"जयवंत फाटकाबाहेर बसलाय," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून आत आलेला नाही. आत्ता, माझ्यासमोर, तुमच्या कुलपातून पाणी बाहेर आलं, वेलणकर."

"पुरवठादारानं फसवलं असेल."

"असं म्हणाल हे माहीत होतं. मग दुसरं सांगा. सोमवारी तुम्ही मला म्हणालात, मऊ पडलेल्या वडीच्या भरवशावर मूत्राशय काढू का. ती वडी वरून कडक होती. मधला तुकडा नखानं दाबल्याशिवाय मऊ आहे हे कळत नव्हतं. मला माहीत नव्हतं. जयवंतला माहीत होतं, आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं?"

वेलणकरांनी कुलपाची किल्ली खिशात टाकली.

"मी शनिवारी म्हटलं, सोमवारी वडी मी स्वतः कापणार. तेव्हाच तुम्ही दचकलात. मी कापायला बसले असते तर आतला ओला भुगा पाहून एका क्षणात कळलं असतं की अल्कोहोलमध्ये पाणी आहे. म्हणून तुम्ही लॅबमध्ये गेलात, वडी दाबून पाहिली, खात्री झाली आणि उचललीत. काचाही. कुठे टाकलीत?"

वेलणकरांनी सुटीचा कागद उगाच सरळ केला.

"गावठी पिणाऱ्या जयवंतला हे अल्कोहोल कशाला लागेल? तो तरीनं जातो, पितो, सगळं गाव बघतं. या इस्पितळात असा एकच माणूस आहे, ज्याला तल्लफ येते आणि गोराईच्या तरीत पाय ठेवता येत नाही. तिथे त्याची भाषणं असतात." बाईंनी थर्मासकडे बोट दाखवलं. "आल्यागेल्याला चहा पाजता. ते सरबत कधी कुणाला दिलंत?"

गुणाजी पुढे सरला आणि त्यानं थर्मासचं झाकण उघडून वास घेतला. मग मान हलवली, गावच्या माणसाला ओळखावं तशी.

वेलणकर खुर्चीत मागे टेकले. कडक इस्त्रीचा झब्बा एकाएकी ढगळ दिसायला लागला. "रोज नाही," ते म्हणाले. "मृणालिनीबाई, दिवसभर कापाकापी करून... तुम्हाला समजेल. तुम्हीही थकता."

"थकते. खूप थकते."

"मग हे इथेच मिटवू. जयवंत तसाही पितो. त्याला सौम्य शिक्षा होईल असं बघतो मी. आणि तुमच्या त्या कोळ्याचं काय म्हणाल ते करतो. ऑपरेशन पाहिजे? उद्या करतो!"

बाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. टेबलाच्या कडेवर ठेवलेली बोटं हलकेच थरथरत होती.

"तुम्ही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला हात लावायचा नाही. इस्पितळाची गाडी काढा. चंदर आत्ता परळच्या कर्करोगाच्या इस्पितळात जाणार, माझ्या रिपोर्टासकट. जयवंत आजच कामावर येणार. आणि विश्वस्तांना मी सगळं सांगणार आहे, हेही ऐकून ठेवा. सौदा नाही करत मी."

"एका कोळ्यासाठी?" वेलणकर पुटपुटले.

सुटीच्या कागदावर सही अर्धीच झाली होती. बाईंनी तो कागद उचलला आणि फाडला.

६

गाडी निघायच्या आधी चंदरनं बाईंना जवळ बोलावलं.

"पिशवी काढतील?"

"काढावी लागेल. तो रोग तिच्यातच आहे. उशीर केला तर फुप्फुसात जाईल."

"मग मुतायचा कुठून?"

"नळ्या आतड्याला जोडतात. शौचाच्या वाटेनं जाईल."

चंदरनं बराच विचार केला. "होडीवर चालंल," तो म्हणाला. "होडीवर कोन बगतो!"

मालन रडता रडता हसली आणि त्याच्या खांद्यावर चापट मारली.

विश्वस्तांनी चौकशी केली. तिचं पुढे काय झालं ते अशा चौकशांचं जे होतं तेच. वेलणकरांनी प्रकृतीच्या कारणानं राजीनामा दिला. दारूबंदी समितीनं निरोप समारंभ केला, हार घातला, शाल दिली. पाहुण्यांना लिंबाचं सरबत वाटलं. जयवंतची नोकरी टिकली, पण त्याच्या पेटीत सापडलेल्या बाटलीची गोष्ट पुढची कैक वर्षं चघळली गेली. वेलणकरांच्या कॅनची गोष्ट कुणी चारचौघांत काढली नाही. निलंबन झालेला तो, शाल मिळालेले ते. आपल्याकडे न्याय असाच होतो, आणि त्याला न्याय म्हणायची आपल्याला सवय आहे.

थंडी संपता संपता मालन इस्पितळाच्या जिन्यावर दिसली. पदराखाली गाठोडं. गुणाजीनं लांबूनच हात जोडले.

"बाईनू, कोळीण इलली हा! गाठोडा घेऊन!"

मालन लॅबमध्ये आली, गाठोडं टेबलावर ठेवलं. तोच वास. जयवंत दोन पावलं मागे सरकला.

"घाबरू नको रे," मालन म्हणाली. "या खेपेला नुसते बोंबील हायेत."

बाई हसल्या. आपल्याला अजून हसता येतं, याचं त्यांना आश्चर्य वाटलं. "चंदर कसा आहे?"

"हडकला. पन परवा होडीवर जाऊन बसला. नुसता बसला. जाळ्याला हात लावला आनि घरी आयला." ती थांबली. "परळचा दाक्तर छातीचा फोटू काढते दर खेपेला. काय बगते त्यो?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं.

"तो रोग परत येतो का, ते."

"येल?"

"येऊ शकतो. मी सांगू शकत नाही, मालन."

मालननं गाठोड्याची गाठ सोडली, बोंबील मोजूनमापून न बघता सगळे टेबलावर ओतले, आणि फडकं झटकून घडी केली. फडक्यातून खडे मीठ सांडलं, मायक्रोस्कोपच्या पायाशी.

"मंग आज तर खाऊन घे, बाय," ती म्हणाली, आणि तरीची वेळ झाली म्हणून निघून गेली.

जयवंत मीठ पुसायला फडकं घेऊन आला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं.